लेन्स जपानहून येतेय

आमच्या कारखान्यासाठी कॅमेरे निवडले ते आमच्या सिक्युरिटी ऑफिसरांनी, आणि तेही लुगडं नेसून. हे सांगितलं की लोक हसतात. त्यांना वाटतं, बाई पदरचं घालून सांगतेय. पण त्या दिवशी मी टेलिफोनच्या बोर्डावर बसले होते, समोर टीव्ही होता, आणि डोक्यावर मासळीची पाटी घेऊन फाटकातून आत शिरणारं ते उंच, काटकुळं ध्यान मी स्वतः पाहिलं आहे.

कारखाना बोईसरजवळ तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत, सूत रंगवण्याचा. नव्वदच्या आगेमागेची वर्षं असतील. मी मूळची एडवणची. नोकरी लागली तशी सरावलीला मावशीकडे राहायला आले आणि तिथून चालत कामावर जाऊ लागले. मालक, म्हणजे शेठ, मुंबईला असायचे. इथला सगळा कारभार वर्क्स मॅनेजर बघायचे. त्यांना स्वतःच्या आवाजाची फार आवड होती. आणि फाटकापासून गोदामापर्यंतचा कारभार या आमच्या सिक्युरिटीच्या साहेबांकडे होता.

साहेब घिवलीचे. अंगात खाकी, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, आणि मिशी काळी कुळकुळीत. ती ते कारखान्यातल्याच रंगानं रंगवतात अशी वदंता होती, कारण उन्हात उभे राहिले की मिशीवर निळसर झाक दिसायची. विचारायची हिंमत कुणाची नव्हती. तरुणपणी ते एका फिरत्या सिनेमाच्या तंबूवर दारवान होते. पालघर, सफाळे, मनोर, जत्रा असेल तिथे तंबू जायचा आणि तंबूच्या दारात हे. त्या नोकरीनं त्यांना माणसं कळली असं ते म्हणत. "कनातीखालून सरपटत आत शिरतो ना, तो चोर नव्हे," ते मला सांगायचे. "त्याला सिनेमाची आवड असते. चोर दारातून येतो. छाती काढून येतो, आणि 'काय, बरं आहे ना?' असं दारवानालाच विचारून पुढे जातो."

झालं असं की आमच्या गोदामातून रंगाची पिंपं नाहीशी व्हायला लागली. परदेशी निळ्या रंगाची, गुडघ्याएवढ्या उंचीची, पण वजनदार. एखाद्या आठवड्यात कमी भरत, एखाद्या आठवड्यात नाही. शेठनी मुंबईहून फर्मान काढलं, कॅमेरे बसवा. त्या काळात बोईसरमध्ये कॅमेरा म्हणजे लग्नात फोटो काढणारा. भिंतीवर बसून दिवसभर टक लावून बघणारा कॅमेरा आम्ही कुणी पाहिला नव्हता.

माल दाखवायला तीन जण आले. गुळगुळीत कागदावरची रंगीत पत्रकं टेबलावर पसरली. साहेबांनी एकालाही हात लावला नाही. म्हणाले, आमच्या फाटकावर लावून दाखवा, मग बोलू. टीव्ही माझ्या खोलीत आणून ठेवला. ज्याचा कॅमेरा असेल त्यानं टीव्हीसमोर बसायचं आणि दुपारची पाळी सुटताना कोण आलं, कोण गेलं ते सांगायचं, अशी परीक्षा ठरली. एवढं सांगून साहेब कुठेतरी निघून गेले.

फाटकासमोर चहाच्या टपरीशेजारी त्यांच्या गावची एक म्हातारी मासळी घेऊन बसायची. ती नात्यानं त्यांची आत्या. तिनं घरून जुनं लुगडं आणलं होतं आणि टपरीमागे नेसवलंही तिनंच. टपरीवाल्यानं नंतर सांगितलं की ती नेसवताना सारखी दटावत होती, कासोटा सुटला तर माजी पाटी खाली ठेव आणि घरी जा. साहेबांनी पाटी डोक्यावर घेतली, पदर मिशीवरून ओढून दातात धरला आणि निघाले. फाटकावर त्यांच्याच हाताखालच्या पहारेकऱ्यानं हटकलं, "ए मौसी, मछली अंदर नहीं." साहेबांनी त्याला कोपरानं बाजूला सारलं आणि ते आत आले. आपल्याच माणसानं ओळखलं नाही याचा त्यांना आनंद झाला की राग आला, ते त्यांनाही शेवटपर्यंत ठरवता आलं नाही.

हा खेळ तीन दुपारी चालला. टाय लावलेला पहिला म्हणाला, कुणी कामवाली बाई आली. दुसऱ्याचा कॅमेरा रंगीत होता, पण आमचं फाटक पश्चिमेला. उतरतं ऊन थेट भिंगात शिरलं आणि पडद्यावर नुसता पांढरा उजेड. त्यातून एक सावली हलली. तो गृहस्थ चिकाटीनं म्हणाला, माणूस आहे हे मात्र नक्की. तिसरा होता एक चष्मेवाला पोरगेला इसम, पिशवीत कॅमेरा घालून आलेला. त्यानं पडद्याकडे नाक नेलं आणि मला विचारलं, "ताई, तुमच्याकडच्या मासळीवाल्या कॅनव्हासचे बूट घालतात का?"

साहेब तसेच लुगड्यात माझ्या खोलीत आले, खुर्चीत बसले आणि त्याला म्हणाले, आता बोला. तो भडाभडा बोलला. कॅमेरा फाटकासमोर नको, पहारेकऱ्याच्या चौकीवर आडवा लावा, म्हणजे ऊन लागणार नाही. रंगीत नको, काळापांढरा घ्या, अंधारून आलं तरी त्याला दिसतं. सगळं फाटक दिसावं म्हणून मोठा आवाका घेऊ नका, मग माणसांची तोंडं तांदळाएवढी दिसतात. थोडंच दिसू दे, पण नीट दिसू दे. साहेब मान डोलवत ऐकत होते. तेवढ्यात वर्क्स मॅनेजर खोलीत आले. खुर्चीत मांडी घालून, पदर खांद्यावर टाकून, बशीतून चहा पिणारे सिक्युरिटी ऑफिसर बघून त्यांचा आवाज एकदम बारीक झाला.

"हे काय चाललंय?"

"साहेब, कोटेशन बघतोय," साहेब म्हणाले.

कॅमेरे त्या चष्मेवाल्याचेच घेतले. मी नंतर विचारलं, तर साहेब म्हणाले की कॅमेरे तिघांचे सारखेच असतील, याला बघता येतं.

बसवल्या दिवशी पूजा झाली. नारळ फुटला, पेढे वाटले, आणि साहेबांनी स्वतः शिडीवर चढून फाटकावरच्या कॅमेऱ्याला हार घातला. दुसऱ्या दिवशी मोठ्या उत्सुकतेनं पहिली कॅसेट लावली. एक अख्खी कॅसेट झेंडू. मधूनच वाऱ्यानं एखादी पाकळी हलायची. साहेबांनी शांतपणे कॅसेट काढली आणि म्हणाले, निदान हार कुणी चोरला नाही हे तरी कळलं.

टेलिफोनची खोली थंड आणि बिनधुळीची, म्हणून ते टीव्ही आणि कॅसेटचं यंत्र कायमचं माझ्याकडे आलं, आणि जोडकाम म्हणून बघणंही आलं. ते यंत्र कॅसेट हळूहळू फिरवायचं, म्हणजे एकीवर दिवसरात्र मावायची. पण त्यामुळे पडद्यावर माणसं बेडकासारखी टुणटुण उड्या मारत चालायची. वर्क्स मॅनेजरांसारखा भारदस्त माणूस उड्या मारत ऑफिसात शिरताना बघणं हा माझा सकाळचा आवडता कार्यक्रम होता.

साहेबांनी मला बघायला शिकवलं. त्यांची रीत विचित्र होती. रोज ते कारखान्यात कुठेतरी एक खोडी करून ठेवायचे. बादली या भिंतीची त्या भिंतीला, झाडू उलटा, पहारेकऱ्याची टोपी खुंटीवरून खिडकीत. मग माझ्या खोलीत येऊन विचारायचे, काय बदललं? सांगता आलं नाही की चुकचुकायचे. "माणसांकडे काय बघत बसता? माणसं हलतातच. जे हलायला नको ते हललं का, तेवढं बघा." मला या खेळाची अशी चटक लागली की मी मावशीच्या घरीही डबे मोजून बघायला लागले, आणि मावशीनं एकदा चांगलं फैलावर घेतलं.

कॅमेऱ्यांवर त्यांचं पोटच्या पोरांसारखं प्रेम. आमच्या हवेत रंगाची भुकटी, आम्लाची वाफ आणि खाऱ्या वाऱ्याचा दमट चिकटा. भिंगावर थर बसायचा. साहेब दाढीचा नवा ब्रश घेऊन शिडीवर चढायचे आणि एकेका भिंगाचं तोंड पुसायचे. एका कॅमेऱ्यासमोर कोळ्यानं जाळं विणलं, तर ते मोडताना त्या कोळ्याशी बराच वेळ बोलत होते. काय बोलत होते ते कळलं नाही, पण आवाज समजुतीचा होता.

वर्क्स मॅनेजरांचा मात्र कॅमेऱ्यात वेगळा जीव गुंतला होता. त्यांना वाटे, यानं चोर सापडेल तेव्हा सापडेल, आधी कामचुकार सापडले पाहिजेत. त्यांनी हुकूम सोडला, एक कॅमेरा बायकांच्या विश्रांतीच्या खोलीकडे लावा, कोण किती वेळ आत बसते ते मला बघायचंय. साहेब हो म्हणाले. ते कुणालाच नाही म्हणत नसत. कॅमेरा लागला. टीव्हीवर त्याचं चित्र आलं, तर फक्त भिंतीचा वरचा भाग, एक पाल आणि छपराची कड. मॅनेजर म्हणाले, दार दिसत नाही. साहेब म्हणाले, दिसणार नाही, याला वेगळी लेन्स लागते.

"मग लावा."

"जपानहून येतेय."

पुढच्या महिन्यात विचारलं, तर बोटीवर चढलीये. नंतर विचारलं, तर बंदरात अडकलीये. मग म्हणे आली, पण चुकीची आली, परत पाठवली. ती लेन्स आमच्या कारखान्यात कधीही पोचली नाही, पण तिच्यामुळे आम्हाला एक बोली मिळाली. कॅन्टीनमध्ये भजी कधी मिळणार, जपानहून येतायत. पगारवाढ? जपानहून येतेय. खात्यातल्या एका मुलीचं लग्न लांबत चाललं होतं, तर तिची आईसुद्धा म्हणाली, नवरा जपानहून येतोय. बायकांच्या खोलीतली पाल मात्र रोज न चुकता टीव्हीवर हजर असायची. मी तिला ओळखायला लागले होते.

एवढं सगळं होऊनही पिंपं जात राहिली, आणि बालंट आलं कमळीवर.

कमळी कंत्राटी सफाई कामगार. डोंगराकडच्या पाड्यावरची. पावसाळ्यात तिकडे भाताचा एवढासा तुकडा लावायची आणि बाकीचे महिने आमच्याकडे झाडू मारायची. कचऱ्याच्या टोपल्या फाटकाबाहेर नेऊन टाकणं तिच्याकडे. वर्क्स मॅनेजरांनी माझ्या खोलीत बसून कॅसेटी पाहिल्या आणि त्यांना हवं ते दिसलं: कमळी डोक्यावर टोपली घेऊन येते, टोपलीवर गोणपाट टाकलेलं, फाटकापाशी थबकते, कॅमेऱ्याकडे बघते, गोणपाट नीट ओढून घेते आणि झपाझप बाहेर जाते. एकदा नाही, कितीतरी वेळा. मॅनेजरांनी तिला बोलावून सगळ्यांसमोर चोर म्हटलं. पोलिसांना बोलावतो म्हणाले.

कमळी रडली नाही. घाबरलेली होती, पण सरळ उभी होती. "मी पिंप नाय नेला, सायेब," ती म्हणाली. "भात नेतंय. कोंबड्यांना."

कॅन्टीनचा उरलेला भात बाहेर नेऊ नये असा नियम होता, म्हणून ती झाकत होती. मॅनेजरांना पटलं नाही. साहेबांनी मध्ये पडून शनिवारपर्यंतची मुदत मागून घेतली. शनिवारी शेठ स्वतः येणार होते. त्यांच्यासमोर काय ते होईल, तोवर बाईला हात लावायचा नाही.

आणि मग साहेबांनी मोठी चूक केली. त्यांना पक्की खात्री होती की चोर वर्क्स मॅनेजरच. एवढा आरडाओरडा करतो तो काहीतरी झाकायला, असं त्यांचं म्हणणं. खरं सांगायचं तर आम्हा सगळ्यांनाच तसं वाटत होतं. वाटायला आवडतही होतं. साहेबांनी मॅनेजरांच्या स्कूटरची डिकी पाहिली, कपाटामागे वाकून पाहिलं, शेवटी मॅनेजर मशीनवर गेलेले बघून त्यांचा डबाही उघडला. आत बिनमिठाचं कारलं आणि एक फुलका निघाला. साहेब माझ्या खोलीत येऊन बसले. मग म्हणाले, "एवढं कडू खाणारा माणूस ओरडणारच हो. चोर नाय तो." एरवी ते माझ्याशी पुस्तकातल्यासारखं बोलायचे, मनातून हलले की घिवलीचं बोलणं वर यायचं.

मग आम्ही कॅसेटी लावून बसलो. कमळीच्या नव्हे, सगळ्या. दुपारी फोन कमी असायचे. मी बोर्ड सांभाळत पडद्याकडे बघायची, साहेब डोळे मिटून बसायचे आणि मधूनच विचारायचे, काय बदललं? काही नाही, काही नाही, असं म्हणता म्हणता माझंच लक्ष एका ठिकाणी अडकलं.

शेठचे मेव्हणे दर शनिवारी पांढऱ्या ॲम्बॅसॅडरमधून यायचे. गोड माणूस. टेलिफोन रूममध्ये डोकावून माझी चौकशी करायचे, पहारेकऱ्यांना सणाला मिठाई द्यायचे, कमळीलासुद्धा कशी आहेस म्हणून विचारायचे. त्यांची गाडी दिसली की फाटक दुरूनच उघडायचं आणि पहारेकरी सलाम ठोकायचे. कॅमेरा चौकीवर आडवा असल्यानं गाडी पडद्यावर बाजूनं दिसायची. येताना मागच्या चाकाच्या वर तळहाताएवढी मोकळी जागा होती. जाताना ती नव्हती. चाक पत्र्याच्या आत गेलेलं, गाडीची शेपटी खाली बसलेली. मी आणखी एका शनिवारची कॅसेट लावली. तेच. ज्या शनिवारनंतर पिंपं कमी भरली नव्हती, त्या दिवशीची लावली. त्यात गाडी आली तशीच सरळ गेली होती.

साहेबांनी डोळे उघडले, पडदा बघितला आणि मला म्हणाले, "आता आजपासून तुम्ही माझ्या खोड्या शोधायच्या नाहीत. बघायला आलं तुम्हाला."

शनिवारी शेठ आले. साहेबांनी माझ्या खोलीत खुर्च्या मांडल्या, खिडकीला पडदा लावला आणि बटाटेवडे मागवले, तंबूवरची सवय. शेठ, त्यांचे मेव्हणे, वर्क्स मॅनेजर, साहेब आणि कोपऱ्यात बोर्डावर मी. मॅनेजरांना वाटलं कमळीची कॅसेट लागणार. लागली ती गाडीची. आत आली, बाहेर गेली. पुन्हा आत, पुन्हा बाहेर. साहेबांनी कुणाचं नाव घेतलं नाही. फक्त विचारलं, "शेठ, काय बदललं?"

शेठ पहिल्यांदा हसले. दुसऱ्यांदा बघितलं तेव्हा पुढे सरकून बसले. तिसऱ्यांदा बघताना हातातला वडा त्यांनी बशीत परत ठेवला. मेव्हणे म्हणाले, घरी नेण्यासाठी चिकूच्या पेट्या घेतल्या होत्या.

"असतील," साहेब म्हणाले. "पण चिकू बाहेरून घ्यायचे असतात. आमच्या कारखान्यात ते धरत नाहीत."

शेठनी आम्हाला सगळ्यांना बाहेर जायला सांगितलं. दाराआड काय झालं ते मला ठाऊक नाही. मेव्हणे पुढे पुन्हा कारखान्यात दिसले नाहीत. कुणी म्हणे त्यांना गुजरातेत दुसऱ्या धंद्यावर पाठवलं. पोलीस आले नाहीत. घरातलं घरात राहिलं. शेठनी साहेबांना इतकंच सांगितलं की हे तोंडाबाहेर जाऊ देऊ नका, त्याबदल्यात काय पाहिजे ते मागा. साहेबांनी मागितलं की कमळीला चोर म्हटलं ते सगळ्यांसमोर म्हटलं होतं, तर माफीही सगळ्यांसमोर व्हावी. शेठ म्हणाले, ते तुम्ही मॅनेजरांकडे बघा.

साहेब त्यानंतर फार वर्षं नोकरीत राहिले नाहीत. मी लग्न होऊन पालघरला गेले. ते घिवलीला घरी परतल्यावर मी एकदा भेटायला गेले होते, तर ते ओट्यावर बसलेले, मिशी पांढरीशुभ्र. मला वाटलं, वदंता खरी होती म्हणायची. मला बघताच पहिलं विचारलं, काय बदललं? मी मिशी म्हटलं. ते म्हणाले, "ते कोणीही सांगेल. नीट बघा." मी खूप बघितलं. त्यांनी चपला उलटसुलट घातल्या होत्या.

पण ते आठवतात ते त्या शनिवारनंतरच्या सोमवारचे. सकाळची पाळी आत येत होती. साहेब फाटकात, बरोबर कॅमेऱ्याच्या टप्प्यात येऊन उभे राहिले. मला त्यांनी आधीच बजावलं होतं की आज जागची हलू नका. कॅमेऱ्याला आवाज नव्हता, त्यामुळे मी पाहिलं ते सगळं मुकं, काळंपांढरं. मॅनेजर स्कूटरवरून उतरले. साहेब त्यांच्यासमोर गेले, टोपी काढली आणि भर गर्दीत त्यांनाच हात जोडले. काय बोलले ते नंतर पहारेकऱ्यानं सांगितलं: मी तुमच्यावर संशय घेतला, तुमचा डबा उघडला, माझी चूक झाली. लोक थांबले. साहेबांनी टोपी डोक्यावर ठेवली, शेजारी झाडत असलेल्या कमळीकडे हात केला आणि म्हणाले, आता तुमची पाळी.

मॅनेजर किती तरी वेळ उभे होते. त्यांनी एकदा माझ्या कॅमेऱ्याकडेही बघितलं. मग हळूहळू त्यांचे हात वर आले, जुळले, आणि मान खाली गेली. कमळी त्यांच्याकडे बघत राहिली. तिचे ओठ हलले, आणि भोवतालची माणसं एकदम हसायला लागली. मॅनेजरही हसले, त्यांना हसताना मी त्यापूर्वी पाहिलं नव्हतं.

मला राहवेना. बोर्डावर दोन दिवे पेटलेले तसेच सोडून मी फाटकाकडे धावत गेले आणि साहेबांना विचारलं, ती काय म्हणाली?

साहेब डोळे पुसत होते, हसून की कशानं ते सांगता येत नाही.

"म्हणाली, सायेब, जरा बाजूला व्हा. तुमच्या पायाखालचं झाडायचं रायलंय."